वर्ध्याची एक पेढी आणि तिचे दत्तक वारस

सावकार हा शब्द उच्चारला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. पांढरी गादी, तक्क्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पुढ्यात उतरत्या झाकणाची लाकडी पेटी, आणि उंबरठ्याशी पागोटे हातात घेऊन उभा असलेला कुणबी. हे चित्र खोटे नाही. पण चित्र म्हणजे इतिहास नव्हे. चित्रातला सावकार नेहमी त्याच वयाचा असतो, त्याच गादीवर बसलेला असतो. त्याला आजोबा नसतो, नातू नसतो, घरात कोणी आजारी पडत नाही, आणि हे सारे कोणासाठी साठवायचे हा प्रश्न रात्री त्याची झोप उडवीत नाही. खऱ्या सावकाराला हे सर्व असे. म्हणून एका पेढीचा इतिहास सांगायचा तर तो व्याजाच्या दराबरोबरच वारसाचाही सांगावा लागतो.

आपल्याकडे राजघराण्यांच्या बखरी झाल्या, सरदारांच्या कैफियती छापल्या गेल्या, संतांची चरित्रे घरोघर वाचली गेली. परंतु गावच्या पेठेतल्या ज्या वह्यांत तालुक्याचे सुखदुःख वर्षानुवर्षे आकड्यांनी लिहिले जात होते, त्या वह्यांकडे आमच्या इतिहासकारांनी फारसे पाहिले नाही. आज आम्ही श्रोत्यांपुढे अशाच एका पेढीची कथा मांडणार आहोत. ती आहे वर्ध्याच्या शेठ बच्छराज बजाज यांच्या पेढीची. त्यांचे नातू जमनालाल यांचे नाव देशभर गाजले. आजोबांचे नाव मात्र कंपन्यांच्या पाट्यांवर उरले आणि माणूस विस्मृतीत गेला. आम्हांला आज नातवाइतकेच आजोबांविषयी बोलावयाचे आहे.

प्रथम ज्या गावात ही पेढी होती त्या गावाकडे पाहू. वर्धा हे जुने गाव नव्हे. पैठण, नाशिक, पुणे यांच्यासारखा पुराणांतला किंवा ताम्रपटांतला आधार त्याला नाही. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले. दत्तकाचा हक्क मान्य न करता डलहौसीने १८५४ मध्ये त्यांचे राज्य खालसा केले. त्याच १८५३ साली शेजारचा वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला, १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला, आणि १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी जिल्ह्याचे ठाणे म्हणून वर्धा शहर वसविले गेले. पाठोपाठ १८६७ मध्ये मुंबईहून भुसावळमार्गे येणारा लोहमार्ग नागपूरला पोचला. म्हणजे हे गाव कचेरी आणि आगगाडी या दोन खांबांवर उभे राहिले.

तिसरा खांब कापसाचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि साऱ्या व्यापारी जगाची नजर हिंदुस्थानच्या काळ्या जमिनीकडे वळली. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात त्याच गावाच्या नावाने ओळखला जाई. युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईत भल्याभल्यांची दिवाळी वाजली. पण लोहमार्ग उखडला गेला नाही आणि काळी जमीनही कोठे गेली नाही. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, विलायतेची वाट आखूड झाली. पूर्वी बैलांच्या पाठीवरून हा माल महिनोन् महिने चालत जाई, तो आता आठवड्यात मुंबईच्या बंदरात पडू लागला. सरकी काढण्याचे आणि गाठी दाबण्याचे कारखाने पुढे गावोगाव धूर सोडू लागले. अशा नव्या पेठेला माल हवा, माणसे हवीत. पण त्याहून आधी पैसा हवा. शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी पैसा हवा, व्यापाऱ्याला हंगामात हवा, सरकारला सारा ठरल्या तारखेस हवा. कापूस मात्र आपल्या वेळेलाच फुटतो. या दोन वेळांमधले अंतर भरून काढणे हाच सावकाराचा धंदा.

हे अंतर भरून काढणारी माणसे आली राजपुतान्यातून. जयपूरच्या उत्तरेकडील शेखावाटीचा मुलूख रेताड. पाऊस तुटपुंजा, विहिरी खोल, शेती बेभरवशाची. तेथील अग्रवाल, माहेश्वरी, ओसवाल घराण्यांतील तरुण एकोणिसाव्या शतकात कलकत्ता, मुंबई, हैदराबाद, वऱ्हाड, नागपूर असे चारी दिशांना पांगले. हे पांगणे वाटेल तसे नसे. आधी गेलेला एखादा नातेवाईक किंवा गावकरी मोठ्या गावी पेढी घालून बसलेला असे. नवा मुलगा त्याच्याकडे उतरे, जातभाईंच्या सामाईक भटारखान्यात म्हणजे 'बाशा'त जेवे, दुकानात झाडलोट करी, मग रोकड मोजी, मग खतावणी लिही. काही वर्षांनी गुमास्ता होई, मुनीम होई, आणि नशीब व पत दोन्ही असली तर स्वतःच्या नावाची पाटी लावी. बायकापोरे बहुधा मूळ गावीच असत. लग्नकार्याला, जावळाला, दत्तकविधानाला मनुष्य देशी परते. जयपूर राज्यातील सीकरच्या ठिकाण्यातून आलेले बच्छराजांचे अग्रवाल घराणे याच ओघातले.

पेढीचे खरे भांडवल तिजोरीत नसे, ते पतीत असे. हे कसे, ते हुंडीवरून समजते. समजा, वर्ध्याच्या अडत्याला मुंबईहून कापडाच्या मालाचे पैसे चुकते करावयाचे आहेत. रोख रुपये थैलीत घालून पाठविण्याऐवजी तो गावच्या सावकाराकडे रक्कम भरी आणि मुंबईतल्या त्याच्या आडत्यावर हुंडी घेई. हुंडी म्हणजे एक चिठ्ठी. दर्शनी असली तर दाखविताच पैसे मिळत, मुदती असली तर ठरल्या मितीस. शाहजोग असली तर बाजारात ज्याची शाह म्हणून ओळख त्यालाच रक्कम दिली जाई, म्हणून वाटेत चोराने पळविली तरी त्याच्या उपयोगाची नसे. या सेवेबद्दल सावकार हुंडणावळ घेई. हुंडी हरवली तर तिची नक्कल म्हणजे 'पेठ' निघे, तीही गहाळ झाली तर 'परपेठ' निघे. पैसे चुकते झाल्यावर निकामी झालेल्या हुंडीला 'खोखा' म्हणत. या साऱ्या व्यवहाराला सरकारी शिक्क्यापेक्षा बाजाराच्या विश्वासाचा आधार अधिक. एखाद्या पेढीची हुंडी एकदा जरी परत फिरली, तर ती बातमी टपालाच्या आधी गावोगाव पोचे.

हिशेबाची लिपीही निराळी. महाजनी किंवा मुडिया म्हणून ओळखली जाणारी ही लिपी काना-मात्रा-वेलांटीची फिकीर करीत नसे. लिहिणारा भराभर लिही, आणि वाचणाऱ्याने अंदाजाने वाचावयाचे. 'काकाजी अजमेर गये' हा मजकूर घरच्यांनी 'काकाजी आज मर गये' असा वाचला आणि रडारड सुरू झाली, अशी एक गमतीची गोष्ट या लिपीविषयी उत्तर हिंदुस्थानात सांगतात. गंमत सोडली तर तिच्यात एक अर्थ आहे. ज्याला माणसे ठाऊक आहेत त्यालाच ही लिपी वाचता येणार. पेढीची वही ही परक्यासाठी नव्हतीच; ती घरच्यांसाठी होती. म्हणून वही वाचणारा वारस नसला, तर वहीतली येणी अर्धी बुडालीच म्हणून समजावे.

आता या धंद्याची काळी बाजू. ती न सांगता पुढे जाणे हे श्रोत्यांशी अप्रामाणिकपणाचे होईल. इंग्रजी अमलात मध्यप्रांतातील मालगुजारांना १८६० नंतरच्या बंदोबस्तात जमिनीचे मालकी हक्क मिळाले. जमीन विकता येऊ लागली, म्हणून ती गहाण टाकता येऊ लागली. आणि गहाण टाकता येऊ लागली, म्हणून तिच्यावर कर्ज मिळू लागले. पूर्वीचा सावकार पिकाकडे पाहून कर्ज देई, आता तो शेताकडे पाहून देऊ लागला. वसुलीसाठी पूर्वी त्याला गावाची मर्जी राखावी लागे, आता दिवाणी कोर्टाची डिक्री पुरे होई. पुणे आणि नगर जिल्ह्यांत याचा स्फोट झाला तो आपणांस ठाऊक आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांची घरे-दुकाने लुटली आणि कर्जरोख्यांची होळी केली. पुढे त्यातून १८७९ चा दक्षिणी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. वर्ध्याकडे असा उठाव झाला नाही. परंतु तेथेही अनेक खेड्यांची मालगुजारी मूळच्या घराण्यांकडून पेढ्यांकडे सरकत गेली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी मध्यप्रांत होरपळून निघाला. दुष्काळात शेतकऱ्याच्या हातचे जे जाते ते सगळेच मातीत मिळत नाही. त्यातले काही कोणाच्या तरी वहीत जमेला पडते.

अशा काळात, अशा गावात बच्छराज शेठ वाढले. वर्ध्याच्या नव्या पेठेत त्यांच्या पेढीला मान होता आणि सरकारदरबारी त्यांचे वजन होते. पैसा होता, शेतीवाडी होती, पत होती. एकच गोष्ट नव्हती, पोटी मुलगा नव्हता. त्यांनी रामधनदास नावाचा मुलगा दत्तक घेतला, त्याचे लग्न करून दिले, आणि तो तरुणपणीच वारला. मागे उरली विधवा सून, वृद्ध होत चाललेले सासूसासरे, आणि वाचणारा कोणी नाही अशा वह्या.

निपुत्रिक राजा आणि निपुत्रिक सावकार यांच्यात इंग्रजी अमलाने केलेला एक भेद येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. डलहौसीचे धोरण असे की दत्तक पुत्राला खाजगी मालमत्ता मिळावी, परंतु राज्य मिळू नये. त्यामुळे ज्या नागपूर प्रांतात राजघराण्याचे राज्य वारसाअभावी बुडाले, त्याच प्रांतात चाळीस वर्षांनी एका सावकाराची पेढी मात्र दत्तकाच्या आधारावर निर्वेध चालू राहू शकली. सिंहासनाला जो उपाय नाकारला गेला तो गादीला उपलब्ध होता. एकोणिसाव्या शतकात सत्ता कोठून कोठे सरकत होती, हे या एका गोष्टीवरून दिसते.

दुसऱ्या दत्तकाची कथा प्रसिद्ध आहे. सीकरजवळ काशी का बास नावाचे एक लहान खेडे आहे. तेथे कनीराम आणि बिरदीबाई या साधारण स्थितीतील दांपत्याच्या पोटी ४ नोव्हेंबर १८८९ रोजी जमनालाल हा तिसरा मुलगा जन्मला. बच्छराज शेठ आणि त्यांच्या पत्नी सदीबाई देशी गेले असता सदीबाईंनी हे मूल पाहिले आणि त्यांना ते आवडले. त्यांनी कौतुक केले, तेव्हा रीतीप्रमाणे आई म्हणाली की हा तुमचाच समजा. आपल्याकडेही पाहुण्याने एखाद्या मुलाचे कौतुक केले की आई असेच म्हणते. तो शिष्टाचार असतो. सदीबाईंनी मात्र तो शब्द शब्दशः धरला. शब्द हीच ज्यांची पुंजी त्या घराण्यांत दिलेला शब्द परत फिरविणे म्हणजे हुंडी परत फिरविण्यासारखेच. पाच वर्षांच्या आत-बाहेरचा तो मुलगा १८९४ च्या सुमारास वर्ध्यास आला, मृत रामधनदासांचा पुत्र म्हणून आणि बच्छराजांचा नातू म्हणून.

मुलाच्या बदल्यात आईबापांनी पैसा घेतला नाही. बच्छराजांनी त्या गावात सर्वांसाठी एक विहीर बांधून द्यावी, असे ठरले. शेखावाटीत विहिरीचे मोल काय, ते जेथे हंडाभर पाण्यासाठी कोसभर चालावे लागते तेथलेच लोक जाणतात. काही वर्षांतच विक्रम संवत १९५६ चा, राजस्थानात 'छप्पनिया' म्हणून आजही ज्याचे नाव भीतीने घेतात तो दुष्काळ त्या मुलखावर कोसळला. एका घराने मूल दिले, दुसऱ्याने पाणी दिले. या व्यवहारात त्या आईचे काय झाले असेल, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नसते. इतिहासाने निदान एवढे तरी म्हणावे की या पेढीच्या पुढच्या साऱ्या वैभवाची पहिली रक्कम बिरदीबाईंच्या नावे जमा आहे.

वर्ध्यात मुलगा मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकला. याहून अधिक शालेय शिक्षण त्याला मिळाले नाही. सावकाराच्या वारसाला त्याची गरज कोणास वाटत नसे. पुढचे शिक्षण गादीवर. तेरा वर्षांचाही नसताना, १९०२ मध्ये, त्याचे लग्न जावऱ्याच्या जानकीदेवींशी झाले. आजोबांकडून त्याला खर्चासाठी रोज एक रुपया मिळे. त्या काळी ही रक्कम थोडी नव्हती. नागपूरहून 'केसरी'ची हिंदी आवृत्ती काढण्याचे ठरले तेव्हा या मुलाने आपल्या साठविलेल्या पैशांतून शंभर रुपये त्या कामासाठी पाठविले. माधवराव सप्रे यांचा 'हिंदी केसरी' १९०७ मध्ये सुरू झाला. पुढे आयुष्यात त्यांनी लाखांनी दिले, पण त्या शंभर रुपयांचा आनंद पुन्हा मिळाला नाही, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. ते समजण्याजोगे आहे. ते शंभर रुपये त्याने स्वतः न खाता-पिता राखलेले होते, बाकीचे सारे आजोबांचे होते.

आणि हा 'आजोबांचे' शब्दच १९०७ मध्ये आड आला. एका लग्नाला जावयाचे होते. बच्छराजांची इच्छा, नातवाने घराण्याला शोभतील असे दागिने घालावेत. नातवाला ते नको होते. म्हातारा संतापला आणि त्या भरात ही दौलत कोणाची, तू तिच्यावर वाढतोस, अशा अर्थाचे बोलून गेला. सतरा वर्षांच्या मुलाने उत्तर दिले नाही. त्याने एक पत्र लिहिले, घर सोडले, आणि निघून गेला.

या पत्राचा आशय पाहण्यासारखा आहे. त्यात आक्रस्ताळेपणा नाही, आजोबांविषयी अनादर नाही. आपल्या संपत्तीवर माझा कसलाही हक्क राहिलेला नाही, अंगावरच्या कपड्यांखेरीज मी काही नेत नाही, पुढे कधीही या धनासाठी दावा करणार नाही, आणि आपण आपला पैसा हवा तसा दानधर्मात लावावा, असा त्याचा भाव आहे. आणि हे सारे त्याने साध्या कागदावर नव्हे, स्टँपच्या कागदावर लिहिले. एखादा कवी रुसला असता तर त्याने कविता केली असती, संन्यासी असता तर न सांगता निघून गेला असता. हा पेढीवर वाढलेला मुलगा. त्याने त्यागाचेही रीतसर खत केले. पेढीने जे शिकविले होते तेच हत्यार घेऊन त्याने पेढीचा दोर कापला.

लोकांनी समजूत घालून त्याला परत आणले. आजोबांचा राग केव्हाच उतरला होता. असे राग उतरावयालाच चढतात. त्याच वर्षी बच्छराज वारले आणि लाखोंची ती मालमत्ता सतरा-अठरा वर्षांच्या जमनालालांकडे आली. कायद्याने त्यांचा हक्क शाबूत होता, कारण खत लिहून दिले तरी आजोबांनी ते मान्य केलेले नव्हते. पण लिहिणाऱ्याने ते मान्य केलेले होते. येथे या घराण्याच्या इतिहासातला खरा पेच आहे. जो पैसा मी एकदा सोडला, तो आता माझ्या हाती आला, तर तो कोणाचा?

त्यांनी शोधलेले उत्तर पुन्हा पेढीच्याच भाषेतले होते. मिळालेली रक्कम त्यांनी आपल्या मनाच्या वहीत ठेव म्हणून मांडली. ठेव ही ठेवणाऱ्याची असते, सांभाळणाऱ्याची नव्हे; आणि ती व्याजासह परत करावयाची असते. वडिलार्जित रकमेचा व्याजासह हिशेब करून तेवढी रक्कम आपण लोककार्यात परत केली पाहिजे, असे त्यांनी ठरविले आणि पाळले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. प्रत्येक व्यापाऱ्याच्या वहीत धर्मादाय खाते असते. सौद्यामागे पै-पैसा त्यात टाकण्याची जुनी चाल आहे. जमनालालांनी ते एक खाते वाढवीत वाढवीत त्यात सारी वहीच आणून ठेवली.

पुढचा इतिहास आपणां सर्वांस परिचित असल्याने तो आम्ही झपाट्याने सांगतो. १९१४ मध्ये वर्ध्याला शिक्षा मंडळ स्थापन झाले. १९१८ मध्ये सरकारने रायबहादुरी दिली, असहकाराच्या चळवळीत ती त्यांनी परत केली. १९२१ मध्ये वर्ध्यास सत्याग्रहाश्रम निघाला आणि तो चालविण्यासाठी विनोबा आले. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात जमनालाल तुरुंगात गेले; दंड भरण्याचे नाकारल्यावर मोटारीची जप्ती झाली. सावकाराच्या घरी जप्ती! गावच्या ऋणकोंना त्या दिवशी काय वाटले असेल? १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघासाठी त्यांनी आपली बागेची जागा दिली, ती मगनवाडी. आणि १९३६ मध्ये गांधीजी ज्या शेगावी राहावयास गेले त्या खेड्याच्या मालगुजारीचा मोठा हिस्सा बजाजांचाच होता. वऱ्हाडातल्या गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोटाळा होऊ लागला म्हणून १९४० मध्ये या गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. जेथे देशाच्या भवितव्याच्या चर्चा झाल्या ती भूमी एका पेढीच्या खात्यातली होती, हे विसरता कामा नये.

या सर्वांत दोन प्रसंग आमच्या विषयाच्या अगदी गाभ्यातले आहेत. पहिला लक्ष्मीनारायणाच्या देवळाचा. हे देऊळ या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या आरंभी बच्छराजांच्या घराण्याने बांधले. श्रीमंत व्यापाऱ्याने आयुष्याच्या अखेरीस देऊळ बांधावे ही परंपराच. तो परलोकीच्या खात्यावरचा भरणा असतो. जुलै १९२८ मध्ये जमनालालांनी ते देऊळ अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुले केले. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा सव्वा वर्ष झाले होते आणि नाशिकच्या काळारामाचा सत्याग्रह व्हावयाचा होता. वर्ध्याच्या सनातनी मंडळींनी विरोध केला. पण जमनालालांनी विश्वस्तांची संमती मिळविली होती आणि दार उघडले गेले. हे दार मालकाने आतून उघडलेले होते. महाडला आणि नाशिकला लोकांना ते बाहेरून ठोठवावे लागले. दोन्हींतले अंतर मोठे आहे, ते झाकण्याचे कारण नाही. तरीही आजोबांनी पुण्यासाठी बांधलेल्या देवळाला नातवाने न्यायासाठी उघडावे, यात वारसा मोडला की पुरा झाला, याचा विचार श्रोत्यांनी करावा.

दुसरा प्रसंग १९२० च्या नागपूर काँग्रेसच्या वेळचा. जमनालालांनी गांधीजींना विनंती केली की मला आपला पाचवा मुलगा माना. गांधीजींना चार मुलगे होते. त्यांनी ते मान्य केले, आणि १९२२ मध्ये तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात आपण या मुलाला योग्य असा बाप होण्याचा यत्न करीत आहोत असे कळविले. पहिल्या वेळी पाच वर्षांचे मूल दत्तक गेले, त्याला कोणी विचारले नव्हते. दुसऱ्या वेळी एकतीस वर्षांच्या माणसाने स्वतः होऊन बाप दत्तक घेतला. रामधनदास, मग जमनालाल, मग गांधीजींचा पाचवा पुत्र, अशी या घराण्याची वंशावळ रक्ताने जुळत नाही. ती जुळते ती दिलेल्या शब्दाने.

आता ज्या आक्षेपाचे उत्तर दिल्यावाचून ही कथा सांगणे म्हणजे कीर्तन होईल, तो आक्षेप असा. ठेव म्हणता, विश्वस्त म्हणता. पण ती रक्कम मुळात आली कोठून? कापूस पिकविणाऱ्याच्या श्रमातून आणि कर्ज फेडणाऱ्याच्या व्याजातून. मग परत करावयाची तर ती विद्यालयाला, संघाला, काँग्रेसला का? ज्याच्या वहीत नावे पडली त्या कुणब्याला का नव्हे? हा आक्षेप खरा आहे, आणि विश्वस्तपणाच्या कल्पनेला तो आजही चिकटून आहे. गांधीजींनी जमनालालांच्या मृत्यूनंतर लिहिले की श्रीमंतांनी आपल्या धनाचे विश्वस्त व्हावे असे मी म्हणे तेव्हा प्रामुख्याने हाच माणूस माझ्या डोळ्यांपुढे असे. हा मोठाच गौरव. पण ज्या कल्पनेला डोळ्यांपुढे ठेवावयास मुख्यतः एकच माणूस सापडतो, तिच्यावर समाजाची सारी व्यवस्था कशी उभारावी, असे कोणी विचारले तर त्याला गप्प बसविता येणार नाही. सुप्याच्या शेतकऱ्यांना विश्वस्त सावकार भेटला नाही. त्यांना कायदा लागला.

तथापि आमचे म्हणणे एवढेच की या प्रश्नाची जाणीव त्या पेढीच्या वारसालाच झाली होती, आणि बहुतेक पेढ्यांच्या वारसांना ती होत नाही. १९०७ च्या त्या स्टँपच्या कागदावर एका मुलाने लिहिले की हे माझे नाही. त्याने उत्तर अपुरे दिले असेल, पण प्रश्न बरोबर विचारला.

११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालाल वर्ध्यास वारले. त्यानंतर जानकीदेवींनी आपल्या वाट्याची संपत्ती गोसेवेच्या कार्याला देऊन टाकली. घराण्याचा व्यापार पुढे वाढतच गेला. १९४५ मध्ये काढलेल्या एका कंपनीला 'बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन' असे नाव देण्यात आले. याच कंपनीने पुढे परदेशी स्कूटर आणून विकल्या आणि १९६० मध्ये ती 'बजाज ऑटो' झाली. ज्या आजोबांचे धन नातवाने नाकारले, त्यांचे नाव असे स्कूटरच्या धंद्यापर्यंत पोचले. म्हाताऱ्याला एवढेच तर हवे होते. आपल्या मागे आपल्या नावाची पाटी कोणीतरी लावावी. दत्तक नातवाने, त्याच्या रीतीने का होईना, ती लावली.

श्रोतेहो, आपल्या गावच्या पेठेतही अशी एखादी पेढी होती. तिचा वाडा कदाचित पडला असेल, गादीच्या जागी दुसरे दुकान आले असेल. पण माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या वह्या अजून असतील. त्यांत आपल्या पणजोबांचे नाव घेणेकऱ्यांत आहे की देणेकऱ्यांत, हे पाहण्याचे धैर्य आपण करावे. त्या वह्या वाळवीने खाव्यात किंवा रद्दीत जाव्यात, आणि मग आपण सावकाराचे तेच जुने चित्र पुन्हा पुन्हा रंगवीत बसावे, हे बरे नव्हे. लिपी वाचणारी माणसे थोडी उरली आहेत. ती असेतोवर वह्या उघडाव्यात. गावाचा खरा जमाखर्च त्यांतच लिहिलेला आहे, आणि त्याची बाकी काढण्याचे काम अजून व्हावयाचे आहे.